रवंथ करणारे मन, मेंदू आणि सजगतेचा उपचार

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर मांडून झाला आहे. मिळालेल्या देणग्यांबद्दल ऋणनिर्देशही झाला. आता एका अशा देणगीविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी, जी आम्ही अद्याप स्वीकारलेली नाही.

आपल्या पनवेल शहरातील एका हितचिंतकांनी दुसऱ्या मजल्यावर ध्यानकक्ष उभारण्याचा संपूर्ण खर्च देऊ केला आहे. त्यांच्या घरातील एका व्यक्तीने नैराश्याचे दुःख दीर्घकाळ सोसले आणि ध्यानाने तिला मोठा आधार दिला. त्यांची अपेक्षा एकच आहे, की कक्षाच्या दारावर ‘औषधांविना नैराश्यमुक्ती’ अशी पाटी असावी. कक्ष आम्हांला हवा आहे. ते शब्द मात्र आम्हांला लावता येणार नाहीत, असे आम्ही त्यांना नम्रपणे कळविले. ते आज सभागृहात उपस्थित आहेत आणि त्यांच्या संमतीनेच हा विषय येथे मांडत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकातील अधिकार आमचा नाही. परंतु ज्या कार्यास संस्थेचा पैसा आणि नाव लागणार, ते समजून घेणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. आपल्या मनोविकारतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एका रुग्णाविषयी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तालुक्यातील एका गावचे हे सेवानिवृत्त गृहस्थ. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला रात्री छातीत दुखू लागले. गाडीतून आणताना पळस्पे फाट्यावर वाहनांची रांग लागली होती. पत्नी वाचल्या नाहीत. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच प्रश्न आहे : “दुसऱ्या रस्त्याने आणले असते तर?” त्या अर्ध्या तासाने फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी त्यांना अनेकदा समजावून सांगितले. त्यांना ते पटतेही. तरी पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा तोच रस्ता, तीच रांग, तोच प्रश्न. औषधांनी ते दोनदा बरे झाले आणि दोन्ही वेळा पुन्हा खचले. मुलगा गुणी आहे. तो तळमळून म्हणतो, “बाबा, तुम्ही विचार करू नका हो.” आणि वडील म्हणतात, “मी करत नाही रे, ते आपोआप होतात.”

या ‘आपोआप होतात’ मध्येच आजच्या विषयाचे मर्म आहे.

आपल्या मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. आपण म्हणतो, तो जुनेच उगाळीत बसला आहे. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हणही आपलीच. मन चिंती ते वैरी न चिंती, असेही आपण म्हणतो. मानसशास्त्राने या अवस्थेस जे इंग्रजी नाव दिले, त्याचा मूळ अर्थ ‘रवंथ करणे’ असाच आहे. फरक इतकाच, की गाईचे रवंथ अन्न पचविण्यासाठी असते. खिन्न मनाच्या रवंथाने काहीही पचत नाही. विचार केल्यासारखे वाटते, पण निर्णय होत नाही, मार्ग सापडत नाही आणि मनुष्य अधिक थकतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८९ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यापूर्वी केवळ दोन आठवडे आधी त्यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या होत्या. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी त्यांनी पुन्हा नोंदी घेतल्या. ज्यांना आधीपासूनच दुःख उगाळण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. आपत्ती सर्वांवर सारखीच कोसळली होती. मनाने तिच्याशी जे केले ते वेगळे होते.

आता मेंदूकडे वळू. आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. आणि मनुष्य स्वस्थ बसला असतानाही हा खर्च फारसा कमी होत नाही. अमेरिकेतील मार्कस रायकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले, की बाहेरचे काम हाती नसते तेव्हा मेंदूचे काही भाग एकत्रितपणे अधिक क्रियाशील होतात. या भागांना ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. आपण त्यास रिकाम्या वेळचे जाळे म्हणू. त्याचा एक मुख्य भाग कपाळामागे मध्यरेषेवर आहे आणि दुसरा डोक्याच्या मागील बाजूस, आत खोलवर. गतकाळ आठवणे, उद्याची आखणी करणे, ‘मी कोण, लोक मला काय म्हणतील’ याची कथा रचणे ही या जाळ्याची कामे. ती वाईट नव्हेत; त्यांवाचून संसार चालणार नाही. परंतु खिन्न मनुष्यात हीच कथा एका पानावर अडकून पडते.

कपाळाच्या खाली, आतील बाजूस, दुःखाच्या भावनेशी निगडित असा एक छोटा भाग आहे. नैराश्याच्या रुग्णांत या भागाचे रिकाम्या वेळच्या जाळ्याशी संधान नेहमीपेक्षा घट्ट झालेले असते आणि दुःख उगाळण्याशी त्याचा संबंध असावा, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मांडले गेले. स्वतःची कथा सांगणारा भाग आणि दुःखाला हात घालणारा भाग एकमेकांना सोडेनासे होतात, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. येथे एक खुलासा आवश्यक आहे. या विषयात शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत नाही. चीनमधील १,३०० रुग्णांच्या मेंदूप्रतिमांवर आधारित २०१९ च्या मोठ्या अभ्यासात, वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांच्या याच जाळ्यातील अंतर्गत जोड उलट सैल आढळला, विशेषतः औषधे घेणाऱ्यांत. त्यामुळे एम. आर. आय. काढून कुणाचे नैराश्य ओळखता येईल, अशी आज स्थिती नाही आणि कुणी तसा दावा केल्यास त्यावर पैसे खर्च करू नयेत.

मग उपाय कोणता? विचार दाबून टाकणे हा नव्हे. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. अस्वल पुन्हा पुन्हा आलेच; आणि पुढे मोकळीक दिल्यावर, ज्यांनी आधी ते दाबले होते, त्यांच्या मनात ते इतरांपेक्षा अधिक वेळा आले. त्या मुलाचे “बाबा, विचार करू नका” हे प्रेमाचे बोल का निरुपयोगी ठरतात, याचे उत्तर येथे आहे.

सजगतेचा उपचार वेगळा मार्ग धरतो. विचार येणार, हे तो मान्य करतो. विचार आला की ‘हा विचार आला’ अशी नोंद घ्यायची, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याच्यामागे जायचे नाही आणि लक्ष श्वासाकडे किंवा शरीराच्या संवेदनेकडे परत आणायचे. दहा वेळा गेले तर दहा वेळा परत आणायचे. मन भरकटले म्हणजे साधना फसली असे नव्हे. भरकटले हे ध्यानात येणे आणि परत येणे, हाच व्यायाम.

हे आपल्या भूमीला अपरिचित नाही. पाली भाषेतील ‘सती’ हा शब्द याच जागृत लक्षाचा. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन या परंपरेतील विपश्यनेचे शिक्षण १९६९ पासून भारतात दिले आणि १९७६ साली इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. आपल्या पनवेलहून घाट चढून गेले की लोणावळा. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरणांच्या व मापनयंत्रांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्यात अनादर नाही, हा त्यांचा धडा आम्ही आज पुन्हा गिरवीत आहोत.

रुग्णालयीन स्वरूप या पद्धतीस अमेरिकेत मिळाले. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी त्यास विचारपरिवर्तनाच्या मानसोपचाराची जोड देऊन, नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा येऊ नये यासाठी नवा उपचार घडविला. आठवड्यातून एकदा सुमारे दोन तासांची बैठक, सुमारे बारा जणांचा गट आणि घरी रोजचा सराव. पहिल्या दिवशी हातावर एक बेदाणा ठेवतात आणि तो पाहून, हुंगून, सावकाश चावून खाण्यास सांगतात. ऐकून हसू येते. पण ज्याचे मन वर्षानुवर्षे पळस्पे फाट्यावर उभे आहे, त्याला एका बेदाण्यापुरते तरी ‘आता’ आणि ‘इथे’ येण्याची ती पहिली संधी असते.

अशा सरावाने मेंदूत काय घडते? कॅनडातील नॉर्मन फार्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आठ आठवड्यांचे शिक्षण घेतलेल्यांची तुलना ते न घेतलेल्यांशी केली. क्षणाच्या अनुभवावर लक्ष देण्यास सांगितले असता शिक्षितांत कपाळामागील ‘कथा सांगणारा’ भाग अधिक शांत झाला आणि शरीराच्या आतील संवेदना टिपणारा ‘इन्सुला’ नावाचा भाग अधिक जागा झाला. २०१० साली त्यांनी लोकांना दुःखद चित्रपटांतील प्रसंग दाखविले. दोन्ही गटांनी सारखेच दुःख वाटल्याचे सांगितले. शिक्षितांच्या मेंदूत मात्र त्या दुःखाच्या वेळी शरीरसंवेदनेचे भाग अधिक जागे राहिले आणि ज्यांच्यात हे अधिक घडले, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी होती. म्हणजे हा उपचार दुःख पुसत नाही. ज्या गृहस्थांची पत्नी गेली, त्यांना दुःख होणारच आणि ते व्हावेच. दुःखातून निघणारी ती न संपणारी कथा तेवढी सैल होते. याच गटाने २०११ साली नैराश्यातून बरे झालेल्यांवर अठरा महिने लक्ष ठेवले. दुःखद प्रसंग पाहताना ज्यांचा कथा सांगणारा भाग अधिक उसळला होता, त्यांना आजाराने पुन्हा गाठण्याचा संभव अधिक दिसला. आणि दुवा होता तो उगाळण्याच्या सवयीचा.

हे सर्व अभ्यास मोजक्या व्यक्तींवरचे आहेत, हेही सांगितले पाहिजे. ‘ध्यानाने मेंदूचा आकार वाढतो’ असे आपण वाचले असेल. २०११ साली एका छोट्या अभ्यासाने तसे सुचविले होते. २०२२ साली विस्कॉन्सिन येथील अधिक मोठ्या व काटेकोर अभ्यासात आठ आठवड्यांच्या सरावाने मेंदूच्या रचनेत असा कोणताही बदल आढळला नाही. बदलते ती मेंदूची रचना नव्हे, त्याची वागण्याची रीत, असे आज फार तर म्हणता येईल.

आता आमच्या अधिकारातील भाग, म्हणजे आकडे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत १४५ व्यक्ती होत्या. ज्यांना नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या १०० मागे ६६ जणांना सुमारे वर्षभरात आजार परतला; सजगतेचा वर्ग केलेल्यांत ३७ जणांना. मात्र ज्यांना दोनच झटके आले होते, त्यांना या वर्गाचा लाभ दिसला नाही. २०१६ साली नऊ चाचण्यांतील १,२५८ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. तेथे प्रमाण ४९ वरून ३८ टक्क्यांवर आले. लाभ आहे, पण पहिल्या आकड्याने वाटला त्याहून बेताचा. आणि २०१५ साली ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाने औषधे चालू ठेवली. दुसऱ्याने सजगतेचा वर्ग करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे हळूहळू कमी वा बंद केली. दोन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के. हा फरक एकाला श्रेष्ठ ठरविण्याइतका नव्हता.

आमच्या हितचिंतकांना आम्ही हाच शेवटचा आकडा दाखविला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. काही रुग्णांना औषधांखेरीज राहता येते. पण त्या चाचणीतील रुग्ण बरे झालेले होते, त्यांची निवड झाली होती आणि औषध कमी करताना डॉक्टर सोबत होते. आपल्या पाटीवर यांपैकी काहीच लिहिलेले नसेल. ती पाटी वाचणारा मनुष्य कदाचित आजाराच्या ऐन भरात असेल. पाटी वाचून तो त्याच रात्री गोळ्या बंद करील. एका ध्यानशिबिरास जाताना असेच घडलेले एक तरुण रुग्ण आपल्या अतिदक्षता विभागात आले होते. ते वाचले. प्रत्येक वेळी वाचतीलच, अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. तीव्र नैराश्य, भास-भ्रम किंवा आत्महत्येचे विचार असताना तासन्तास एकांतात बसविणे हानिकारक ठरू शकते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना शिबिर योग्य नसल्याची सूचना विपश्यना केंद्रेही आपल्या नियमांत देतात. रुग्णालयाने त्याहून कमी सावध असू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे पाच टक्के प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. ‘मानसोपचार’ या शब्दाला भिणारा मनुष्य ‘ध्यान’ या शब्दाने दारापर्यंत येतो. म्हणूनच आम्हांला हा कक्ष हवा आहे.

आमचा प्रस्ताव असा आहे. कक्षास ‘सजगता उपचार कक्ष’ असे नाव द्यावे आणि खाली ‘मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने’ एवढे शब्द असावेत. प्रत्येकाची आधी तपासणी व्हावी. गट बारा जणांचाच असावा, भाषा मराठी असावी आणि चालविणारी व्यक्ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असावी. घरच्या सरावासाठी मराठीत ध्वनिमुद्रण करावे. खाटांप्रमाणेच या गटातही निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी जागा राखून ठेवाव्यात. वर्ग संपल्यावर दोन वर्षे प्रत्येकाची विचारपूस व्हावी आणि किती जणांना आजार परतला, याची नोंदवही ठेवावी. ते आकडे अनुकूल असोत वा प्रतिकूल, पुढील वार्षिक अहवालांत छापले जावेत. देणगीचा मोठा भाग फरशी आणि दिव्यांपेक्षा प्रशिक्षकाच्या वेतनास लागेल, हेही आधीच सांगितलेले बरे. या उपचारात यंत्र नाही. जे आहे ते माणसाचे लक्ष.

आप्तेष्टांना एक विनंती. घरातील कुणी जुनेच उगाळीत असेल, तर ‘विचार करू नकोस’ असे म्हणू नये. ‘पुन्हा तोच विचार आला का?’ असे विचारावे आणि शेजारी बसावे, किंवा चार पावले सोबत चालावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि करू देऊ नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे कानी आल्यास ते गांभीर्याने घ्यावे, विलंब न लावता रुग्णालयात आणावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून अहोरात्र उपलब्ध आहे.

ते सेवानिवृत्त गृहस्थ सध्या औषधे घेत आहेत आणि आपल्या मानसशास्त्रज्ञांकडे आठवड्यातून एकदा हा सराव शिकत आहेत. जागेअभावी ही बैठक वजनकाट्याच्या खोलीत, बाहेरच्या गर्दीच्या आवाजात होते. परवा ते आम्हांला म्हणाले, “साहेब, तो रस्ता अजून येतो. पण आता कळते, की तो आला आहे.” बरे झाल्याचे प्रमाणपत्र म्हणून आम्ही हे सांगत नाही. या कामाला एक स्वतंत्र, शांत खोली मिळावी, एवढ्याचसाठी सांगत आहोत.

आमच्या आदरणीय हितचिंतकांनी पाटीच्या शब्दांवर विचार करण्यास अवधी मागितला आहे. त्यांनी तो अवश्य घ्यावा. त्यांचा निर्णय कोणताही झाला तरी त्यांच्याविषयीचा आमचा आदर कायम राहील. विश्वस्त मंडळाने वरील अटींसह या कक्षास तत्त्वतः संमती द्यावी, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.